आईचे पुढचे दोन दात

४ एप्रिल १६५२
आज मास्तरांनी यादी वाचली आणि माझ्या हातून दौत सांडली! अकरा वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आलेल्या गोऱ्यांनी आमच्या बेटावरच्या गावांतून अडीचशे इनीब – देवाचं बघणाऱ्या बायका – उत्तरेला तिरोसेनला हाकलल्या. त्यातल्या अठ्ठेचाळीस उरल्यात. त्यांना घरी सोडणार आहेत. चौथं नाव तागुता. माझी आई!

आमचे गोरे मास्तर यूरियान म्हणाले, "सावो, रडायचं तर बाहेर जा, कागद भिजतोय." आणि स्वतःच नाक शिंकरत बसले. या उकाड्यात काळा लोकरी डगला घालतात. घाम कुठला आणि डोळ्यांतलं पाणी कुठलं, त्यांचं त्यांनाच माहीत.

५ एप्रिल
आनंद झालाय. आणि भीती वाटतेय. पाचवा महिना चालू आहे.

विसाव्या वर्षी पोटात मूल! जुन्या रीतीत याहून मोठी लाज नाही. पस्तिशी उलटेपर्यंत मूल होऊ द्यायचं नाही. आधी राहिलंच तर इनीब यायची, आडवं निजवायची आणि हातांनी पोट चोळून मोकळं करायची. आमच्या सुलांग गावातल्या इनीबांतली एक म्हणजे माझी आई. म्हणून तर तिला नेलं.

आता त्याला बंदी आहे. पण मास्तरांची बंदी शाळेत आणि चर्चमध्ये. आई घरात येणार.

६ एप्रिल
लिका आत्याजवळ बोलले. बाबा शिकारीत गेले, आईला नेलं, तेव्हापासून आत्यानेच मला वाढवलं. तिला स्वतःचं मूल नाही. ती सुपारी चघळत म्हणाली, "तुझ्या आईच्या हातांखाली मी सहा वेळा निजले. हात हलका हो तिचा."

"आत्या!"

"मग काय खोटं सांगू? पण नेमाची बाई. स्वतः सदतीस पुरी झाल्यावर तुला जन्म दिला. माझ्या भावाने बाक्लुआन गावाहून आणली ना तिला, तू पोटात होतीस. सदतीस वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली! आम्ही हसून हसून लोळलो. म्हटलं, दादा, तुला तरणी मिळाली नाही का रे?"

मास्तरांनी शिकवलेली बेरीज केली. सदतीस आणि वीस – सत्तावन्न. पार म्हातारी झाली असेल. मला तिचा चेहरा आता नीट आठवत नाही. दातांच्या फटीतून शिट्टी वाजवून मला शेतातून बोलवायची, ती शिट्टी आठवते.

९ एप्रिल
आता माझ्या नवऱ्याचं, तिदारोचं काय करायचं? जुन्या रीतीत नवरा पुरुषांच्या घरात राहतो, अंधार पडला की बायकोकडे येतो आणि उजाडायच्या आत पसार होतो. दिवसा दिसला तर शोभा! आमचे हे नव्या रीतीचे. भर दुपारी घरात पसरलेले असतात आणि वर विचारतात, "भात झाला का?"

आत्या म्हणाली, आई येईपर्यंत त्याला सवय लागू दे, आजच पाठव पुरुषांच्या घरात. तिदारोने तोंड पाडलं. "स्वतःच्या बायकोकडे चोरून यायचं?"

"तुझा बाप तसाच आला म्हणून तू आहेस," आत्या म्हणाली.

गेला बिचारा चटई काखोटीला मारून.

११ एप्रिल
मास्तरांनी पकडलं! नवऱ्याने बायकोच्याच घरी राहायचं, नाहीतर रविवारी सगळ्यांपुढे उभं करीन, म्हणाले. चटई घरी परत.

१२ एप्रिल
आत्याने पुन्हा हाकललं. चटई तिकडे. तिदारो म्हणतो, "लग्न झाल्यापासून मी चाललो नाही एवढी ही चटई चालली."

१५ एप्रिल
आईसाठी सुरणासारखा मऊ कंद उकडून, कुस्करून ठेवायचं ठरवलं. दात नसतील. दारू आंबवायला तांदूळ चावून भांड्यात थुंकावा लागतो, तो मात्र मी आणि आत्या दोघी बसून चावतोय. जबडा दुखला. गुडघ्यापर्यंत येणारी शालही काढून ठेवलीय. पोट झाकेल.

आज तिदारो थट्टा करेना. विचारलं तर म्हणाला, "तिने हात पुढे केला तर मी मध्ये उभा राहीन."

"माझ्या आईपुढे?"

"भर दिवसा उभा राहीन."

माझा जीव आहे या माणसावर. आणि मला हे मूल हवंय. स्पष्ट लिहून ठेवते, म्हणजे आईपुढे तोंड उघडलं नाही तर हा कागदच पुढे करीन.

आईला वाचता येत नाही, हे लिहून झाल्यावर आठवलं!

१९ एप्रिल
इनीबांना आणणाऱ्या गाड्या आज यायच्या होत्या. आल्या नाहीत. मूल पहिल्यांदा हललं.

२० एप्रिल
आल्या! सुलांगसाठी एकच बैलगाडी, तिच्यात तिघी. मी धावत जाऊन सगळ्यांत म्हातारीच्या गळ्यात पडले. पांढरे केस, बोळकं तोंड. ती म्हणाली, "मी तुझी आई नव्हे गं. पण धरलंच आहेस तर खाली तरी उतरव."

सगळा गाव हसला. मास्तरसुद्धा! तेवढ्यात मागून शिट्टी आली.

तीच शिट्टी. मी वळले. ताठ पाठ, स्वतःचं गाठोडं स्वतःच्या खांद्यावर, केस जवळजवळ काळे. आणि पुढे दोन दातांची फट. मी तिथेच खाली बसले आणि लहान मुलीसारखी रडले.

आत्या तिला वरपासून खालपर्यंत बघत राहिली. "वहिनी, तिरोसेनचं पाणी मानवलेलं दिसतंय! मलाही का नाही नेलं?"

आईने गाठोडं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. घरी आल्यावर तिने कुस्करलेला कंद आत्याकडे सरकवला आणि स्वतः हरणाचं वाळलेलं मांस दाढांनी ओढून खाल्लं. मग विचारलं, "मागे बांबूत उभा आहे तो कोण? पाय दिसतायत."

"कुणी नाही," मी म्हटलं.

"बरं. आणि या उकाड्यात तुला शाल कशाला?"

मी शाल आणखी घट्ट ओढली. "उद्या बघू," आई म्हणाली. उद्या काय बघणार आहे ती?

२१ एप्रिल
सकाळी आईने आत्याला शेतावर पाठवलं. मला म्हणाली, "शाल काढ. नीज."

मी निजले. का ते सांगता येत नाही. ती शेजारी बसली तेवढ्यात तिदारो आत आला, चटईसकट, आणि खरंच मध्ये उभा राहिला. आईने त्याला कोपराने ढकललं. "जावईबापू, बाजूला व्हा. उजेड अडवताय."

हात ठेवला. हलकाच होता. थोडा वेळ तसाच ठेवून म्हणाली, "पाठ दुखते का? कुशीवर निजत जा. बाळ चांगलं आहे."

मला हुंदका आवरेना. म्हटलं, "आई, मी विसाचीच आहे."

"तू पोटात होतीस तेव्हा मी सव्विसाची होते. बाक्लुआनला माझी मावशीच इनीब, तिनेच निजवलं असतं मला. म्हणून तुझ्या बापाबरोबर इकडे आले आणि सदतीस सांगितली. ओळखणारं कोण होतं इथे?"

"पण आत्या म्हणते तेव्हा तुझे दात पडले होते–"

"पडले नव्हते. वय वाढलेलं दिसावं म्हणून तुझ्या बापाकडून दगडाने पाडून घेतले. रडला माझ्याहून जास्त तोच."

मग ती फटीतून हसली. आणि हसता हसता तिने दाराकडे पाहिलं, आत्या गेली होती त्या शेताच्या बाजूला.

२२ एप्रिल
आई म्हणाली, "लिकाला सांगू नकोस. माझ्याच हातांखाली सहा गेली तिची."

कागदाला सांगितलं. आत्याला वाचता येत नाही.