कोरसची जागा

चिखली
५ जानेवारी २०२५

ती. धम्मदादास,
समताचा सप्रेम जयभीम.

फोनवर तू नुसतं हाव, हाव करतोस, म्हणून पत्र. सोबत मी लिहिलेलं नाटक आहे. अठ्ठावीस तारखेला आमच्या कॉलेजची मुलं करणार आहेत. गोष्ट जुनी, ग्रीकांची. ऑर्फियस या गायकाची बायको मरते. तो पाताळात जाऊन असा गातो की मृत्यूचा राजा तिला सोडतो. अट एकच : ती मागून येईल, उजेडात पोचेपर्यंत वळून पाहायचं नाही. तो पाहतो, आणि ती कायमची जाते.

माझा ऑर्फियस मलकापूरचा आहे. भीमगीतांची पार्टी चालवतो. बायको त्याच्या मागे बसून कोरस धरते. हे कोणाचं, ते तुला पहिल्याच पानावर कळेल. मंजूवहिनी गेल्यापासून दोन वर्षं तू पेटीला हात लावला नाहीस, आणि मी त्यावर नाटक लिहिलं. आधी विचारायला हवं होतं. नको म्हणालास तर तालीम थांबवीन.

लोभ राहील ना?
समता

मलकापूर
११ जानेवारी

चि. समतास आशीर्वाद व जयभीम.

दोनदा वाचलं. पेटीवाल्याचं तोंड भिंतीकडं काऊन केलं वं? प्रोफेसरीन झाली, पण स्टेज पाह्यलंच नाही जसं!

शेवट खोटा हाय. तुह्या नाटकातल्या माणसानं वळून पाह्यलं. म्या नाही पाह्यलं. खामगावच्या कार्यक्रमात चौथ्या कडव्यात मंजूचा आवाज बंद पडला, मले कळलं. पण कडवं अर्ध्यात मोडाचं नाही, हे वस्तादानं शिकवलेलं. पुरं केलं, मंग वळलो. तवा ती आडवी होती. खरं दाखव, नाही त बंद कर.

धम्मरत्न

चिखली
१५ जानेवारी

ती. दादास जयभीम.

हे पत्र तीनदा फाडलं. त्या दिवशी कोरसमध्ये वहिनीच्या शेजारी मी होते. ती माझ्या खांद्यावर कलली. मी तुला हाक मारणार, तोच तिनं माझा हात दाबून मान हलवली : कडवं पुरं होऊ दे. मी गप्प राहिले. तिचं ऐकलं, की स्टेजवर गोंधळ नको म्हणून, हे आजही नक्की सांगता येत नाही. मी मारली नाही ती हाक नाटकात त्याला ऐकू आली आणि तो वळला, एवढंच. तो शेवट लिहून तुला नव्हे, मला वाचवत होते.

नवा शेवट जोडला आहे. तो कडवं पूर्ण करतो. वहिनीनं हात दाबला हे मी तुझ्या समाधानासाठी रचलं, असं मात्र समजू नकोस.

रागावलास तरी तुझीच,
समता

मलकापूर
२० जानेवारी

चि. समतास आशीर्वाद.

तू रचलं नाही. मंजू तशीच होती. एकदा भर कार्यक्रमात पेटीचा भाता फाटला, तरी तिनं कोरस सोडला नाही. दोन वर्षं सांगितलं काऊन नाही, याचा राग हाय. तो आल्यावर काढीन.

नवाच शेवट ठेव. तू फोनवर धाडलेल्या तालमीच्या व्हिडिओत तो गाणारा पोरगा, गजेंद्र, घडीघडी मांगं पाहून राह्यला. भेते बिचारा. सत्तावीस तारखेच्या एसटीनं येतो. गाणार नाही, पण त्याच्या मांगं कोरसची एक जागा माह्यासाठी खाली ठेवजो. त्याले सांगजो, मांगं पाहाचं काम नाही. मी बसलो हावो.

तुहा दादा