गुलबदनवरचा इद्रिस

ता. ९ ऑगस्ट १९४०

बोट गेली! बुडाली नाही — आरमाराने घेतली. आमचा सारंग, म्हणजे खलाश्यांचा मुकादम, मुद्दाम मुंबईहून खालापुरात सांगायला आला. आमची गुलबदन, जिच्या पोटातला मासळीचा वास सात पाण्यांनी धुतला तरी जात नाही, ती आता लढाईवर जाणार. जाळी काढली, राखाडी रंग फासला, पुढे तोफ बसवली. "विंच तेवढी तीच ठेवलीय," सारंग म्हणाला. ठेवणारच. जाळं ओढणाऱ्या त्याच विंचच्या तारेने मे महिन्यात माझी नडगी मोडली.

त्याला माझी नळी हवी आहे. नळी म्हणजे खलाश्याचं नोकरीचं पुस्तक. ते नसेल तर बोटीवर पाय ठेवू देत नाहीत. यादीत माझं नाव 'इद्रिस, आगवाला' असं लिहून गेलंय. आता बॉयलरमध्ये कोळसा टाकायला माणूस तेवढा हवा. बोलत होता माझ्याशी, बघत होता माझ्या धाकट्या भावाकडे, युनूसकडे.

ता. ११ ऑगस्ट

युनूस गेला. पुस्तक माझं, नाव माझं. नवी नळी काढायची तर वर्ष जातं आणि दहा जणांचे पाय धरावे लागतात. आमच्यात भावाच्या नळीवर भाऊ जातो, त्याचं कोणाला काही वाटत नाही. माझी स्वतःची पहिली सफर चुलत्याच्या नावावर झाली.

खोपोली स्टेशनात गाडी सुटेपर्यंत त्याची उजळणी घेतली.

"नाव?"

"इद्रिस."

"बायको?"

"हलि—"

"हाजरा, रं गाढवा!"

दोघेही हसलो. त्याची हलिमा हसली नाही.

ता. २ ऑक्टोबर

रस्त्यावर पंक्चरचं दुकान टाकलं. इंजिनाजवळ राबलेला माणूस मी, आता सायकलींच्या ट्यूबा पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतो. कुंभिवलीकडून दिवसभर लष्करी लॉऱ्या जातात. धूळ खाऊन पोट भरतं.

ता. १९ नोव्हेंबर

पहिलं पत्र! पाठवणारा इद्रिस, घेणारा युनूस. पोस्टमन चांगो आमच्या घरच्यासारखाच, तो डोळा मारून पत्र देऊन गेला. जिथे जिथे गावाचं नाव होतं तिथे कात्रीने भोकं पाडली आहेत.

काम मजेशीर आहे. पाण्याखाली सुरुंग दोराने बांधून सोडलेले असतात. गुलबदन मागे लांब तार ओढत जाते, तार तो दोर कापते, सुरुंग वर येतो, मग लांबून बंदुकीने फोडायचा. म्हणजे आमचीच जुनी रीत, मासा तेवढा वेगळा. फुटला की मेलेली मासळी वर येते आणि सारंग अजून ती गोळा करायला लावतो. खोड जात नाही!

शेवटी — "माझ्या हाजराला सलाम." झालं! हलिमा भडकली.

"माझं नाव एका अक्षरानं नाय!"

"अगं, सरकारची माणसं पत्र उघडून वाचतात. पकडतील ना त्याला," हाजरा म्हणाली.

"मग तुमीच ठेवा तुमच्या नवऱ्याचं पत्र!"

तेव्हापासून दोघींचा अबोला. मला मात्र हसू आवरेना.

ता. ६ मार्च १९४१

पत्र नाही. पाय दुखतो.

ता. ३० जून

युनूस आठ दिवस रजेवर येऊन गेला. अंगाने भरलाय. म्हणतो, गुलबदन आता दमते. कोळसा खाते फार आणि पळते कमी. रस्त्यावरून कोणीतरी "इद्रिस!" अशी हाक मारली, तर आम्ही दोघांनीही ओ दिली. हलिमाने तेवढ्यावरून दिवसभर भांडी आपटली.

ता. २१ मार्च १९४२

चांगो तार घेऊन आला. पोस्टमास्तरांनी खाली मराठीत अर्थ लिहिला होता. गुलबदन सुरुंगावर आदळून बुडाली. इद्रिस, आगवाला, बेपत्ता. मृत समजावे. तार हाजराच्या नावाने.

चांगो मला म्हणाला, "इद्रिसभाई, तुमी तर हितं बसलाव. चूक आसंल वो सरकारची... चूकच आसंल ना?" त्याला सगळं ठाऊक आहे. तरी विचारत होता.

माझा युनूस गेला.

ता. २३ मार्च

हलिमाने तार हातात घेतली. वाचता येत नाही तिला. "यात युनूस कुठं लिवलाय? बोट ठेवून दाखवा." मी 'इद्रिस'वर बोट ठेवलं.

"मग मेला तो इद्रिस. माझा माणूस नाय."

नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस इद्दतीला बसायचं असतं. ती बसत नाही. बांगड्या तशाच. मौलवींनी समजावलं, हाजरा रडून रडून थकली. हलिमा शांतपणे तांदूळ निवडते.

ता. १५ एप्रिल

कचेरीचा कागद आला. इद्रिसच्या विधवेने अंगठा द्यावा, पेन्शन सुरू होईल. हाजरा म्हणाली, "देते मी अंगठा. येईल ते हलिमाचं. तुमी फकस्त गप ऱ्हावा."

जन्मभर कागदावर मेलेला राहायला माझी हरकत नाही. पण धाकटा समुद्राच्या तळाशी गेला आणि तो होता असं सांगणारी एक चिठ्ठीही सरकारदरबारी नाही, हे मला सहन होत नाही. माझंच नाव त्याच्यावर झाकण टाकून बसलंय.

ता. ४ मे

मुंबईला जाऊन कचेरीत सांगून आलो. मी इद्रिस.

कारकून म्हणाला, "मग मेलं कोण?"

"माझा भाऊ. युनूस."

"म्हणजे तू सरकारला फसवलंस."

"होय."

चार तास बाकावर बसवलं. माझं नशीब, धाऊ भेटला — कशेळ्याचा, त्याच बोटीवरचा, पोहून वाचलेला. त्याने साक्ष दिली. "आमी इद्रिसच म्हणायचो, साहेब. पण तोफ सुटली की हा 'हलिमा!' म्हणून वरडायचा. म्या इचारलं, तुझी बायको तर हाजरा ना रं? तवा हसला आन् खरं सांगितलं."

साहेबांनी लिहून घेतलं. शिक्षेचं नंतर बघू म्हणाले. नळी जप्त केली. घरी येईपर्यंत मन हलकं झालं होतं. हलिमाने विचारलं, "कुठं गेला व्हतात?" ट्यूबा आणायला, म्हटलं.

ता. १० सप्टेंबर

कागद आला. 'युनूस, गुलबदनवरील आगवाला, मयत.' बापाचं नाव बरोबर, गाव बरोबर. मी आनंदाने घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला.

हलिमा म्हणाली, "परत वाचा." परत वाचला. तिने नावावर माझं बोट ठेवून घेतलं. मग एकेक करून बांगड्या काढल्या.

"इतके दिस जिता व्हता, भाई," ती म्हणाली. "तुमच्या नावावर का व्हईना, जिता व्हता."

आजपासून ती इद्दतीला बसली.