व्हिडिओच त टाकला

३ नोव्हेंबर
आले एकदाची! बोर धरणाच्या वाटेवरचं छोटंसं गाव, गुरांचा सरकारी दवाखाना आणि मी, त्याची नवी डॉक्टर. खोलीच्या खिडकीतून फुललेली तूर दिसते. घरमालकीण पंचफुलाबाईंनी आल्याआल्या वांग्याची भाजी अन् भाकर पुढ्यात ठेवली, पोटभर खाल्ली. इथे मला कोणी ओळखत नाही. किती मोकळं वाटतंय!

५ नोव्हेंबर
अडलेली म्हैस सोडवली. रेडकू जगलं, चहा झाला, कौतुक झालं. दुर्गेश 'आपलं गाव लाइव्ह' हे पेज चालवतो. त्याने 'डॉक्टर इला' म्हणून माझा व्हिडिओ टाकला, नावागावासकट. त्याला बाजूला घेऊन सांगितलं, माझा नवरा मला शोधतोय, मी मार खाऊन निघालेय, एवढा काढून टाक. तो हसला. "व्हिडिओच त टाकला, म्याडम. लोकं पाहून राह्यले ना, आता कसा काढू?"

८ नोव्हेंबर
शेवटी मी ॲपच्या कंपनीकडे तक्रार केली. व्हिडिओ उडाला. दुर्गेशने लगेच लिहिलं, इला म्याडमले आपलं गाव नाई आवडत, काय लपवून राह्यल्या? खाली लोकांनी माझे जुने फोटो शोधून आणले. लग्नाचासुद्धा. आज पुंडलिकराव बैल घेऊन आले आणि बैल दाखवायचं सोडून माझ्या गळ्याकडे पाहत राहिले. मंगळसूत्र कुठंय, म्हणाले.

११ नोव्हेंबर
माधवने पेजवर लिहिलंय. बायकोच्या डोक्यावर परिणाम झालाय, घरातून निघून गेली, सांभाळा तिला, मी येतो. खाली सगळ्यांची रडकी चिन्हं.
पंचफुलाबाई म्हणाल्या, "एवढा देवमाणूस! त्याले काऊन छळता, बाई?" मी बाही वर करून त्याने दिलेले चटके दाखवले.
त्यांनी मोबाइल उचलला आणि फोटो काढला.

१२ नोव्हेंबर
फोटो पेजवर. वेडाच्या भरात स्वतःच भाजून घेतलं म्हणे.
पोलीस ठाण्यात फोन केला. आपसात मिटवा म्हणाले.
बॅग घेऊन निघाले. ऑटोवाल्याने बसवलं नाही, फोटो तेवढा काढला. फाट्यावर पोचायच्या आत पेजवर — म्याडम पळून राह्यल्या. चार बायांनी दंडाला धरून परत आणलं. डोक्यावरून हात फिरवत.

१३ नोव्हेंबर
बाहेरून कडी लावलीय. ओरडले. खिडकीशी सगळे मोबाइल धरून उभे. पडदा ओढला — पाहा, काहीतरी लपवते, असं लगेच लिहिलं.

दुपार
लाइव्ह सुरू आहे. फाट्यावर माधवला हार घातला. रडतोय. छान रडतो तो.
मागे सगळं गाव —
ही आमचीच गल्ली. आता अंगण. आवाज दाराबाहेर आणि मोबाइलमध्येही.
खाली भराभर येतंय — जवाईबापू आले, उघडा, उघडा —
पंचफुलाबाई दारापाशी आहेत. कडीला हात घातला — नाही, बाजूला झाल्या. तुम्हीच उघडा म्हणतात त्याला.
दुर्गेश सांगतोय, थांबा जवाईबापू, जवळून घेतो, तुमचा हात नीट दिसू —