समोरच्याच्या नोंदींची वही

देवगड, २३ ऑगस्ट २००८

श्री. परशुरामदादा यांस,

देवगडहून काशीरामचा नमस्कार. कमरेत उसण भरली आहे, तरी पुरता वाकून केला आहे, तेव्हा पुरता पोचावा. तुमचा गुडघा, सासूबाईंचा खोकला आणि होडीचं नवं इंजिन, तिघांची तब्येत कळवावी. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे तुमची बहीण सतरा दिवसांपूर्वी माझं घर सोडून मिठबावला आली आहे आणि परत यायचं नाव काढत नाही, एवढं वगळलं तर ठीक आहे. किशोरीनं तुम्हाला काय सांगितलं ते ठाऊक नाही. (ती काही सांगत नाही, हीच पंचाईत आहे.) म्हणून माझी बाजू कळवतो. ती वाचून तिची समजूत घालावी आणि चतुर्थीआधी तिला पाठवावं, ही विनंती.

जून-जुलैत बंदर बंद, म्हणून आमचा बर्फाचा कारखानाही बंद. मॅनेजर या नात्यानं मी कुलपाची राखण करत ऑफिसात बसायचो. तिथं कंप्युटरला इंटरनेट आलं आणि मला पोकर नावाचा पत्त्यांचा खेळ सापडला. (जुगार नव्हे, दादा. चिप्स फुकटच्या, संपल्या की पुन्हा मिळतात.) मी दोघांचाच डाव खेळायचो. दोन पानं आपल्या हातात झाकलेली, दोन समोरच्याच्या, आणि मधे दोघांसाठी उघडी पाच. हातात काही नसताना मोठा डाव लावून समोरच्याला पळवता येतं, त्यामुळे पानांपेक्षा माणूस ओळखावा लागतो. आता जो कुठल्या देशात बसला आहे हेही आपल्याला माहीत नाही, त्याला ओळखायचं कसं? तर त्याच्याविषयी नोंदी ठेवायच्या. मी शंभर पानी वही घातली.

पहिल्या पंधरा पानांवर मी 'लबाड', 'उद्धट', 'भला दिसतो' असं लिहीत गेलो आणि हरत गेलो. एकदा किशोरी डबा घेऊन आली, तिनं वही चाळली आणि म्हणाली, "लबाड म्हणान लिवन काय मेळतला? तो कधी काय करता, तां लिवा." मासे विकणाऱ्या आईची मुलगी ती. सासूबाई गिऱ्हाइकाला चिकट म्हणत बसत नाहीत. सुरमईचा भाव ऐकून निघून जाणारी कुठली बाई तिसऱ्या पावलाला मागे वळते, तेवढं लक्षात ठेवतात. मीही तसं लिहायला लागलो. 'मधली पहिली तीन पानं उघडली तेव्हा गप्प, शेवटच्या पानाला एकदम मोठा डाव : हातात खरंच असतं. चारदा पाहिलं.' किती वेळा पाहिलं हे लिहायचं, म्हणजे एकदाच बघून मत बनत नाही. त्यानंतर मी जिंकायला लागलो.

घोटाळा नावांनी केला. तिकडच्या लोकांची नावं म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची खिचडी, ती लक्षात राहीनात. मग खेळायची तऱ्हा बघून मी त्यांना आपल्या माणसांची नावं दिली. 'बाबली : सुरुवातीला आवाज मोठा. उलट डाव लावला की पळतो. सहादा पाहिलं.' हा बाबली कुठल्या तरी परमुलखातला. पण आमच्या कारखान्यात लाद्या उचलणारा बाबली एक दिवस किल्ली मागायला आला आणि ते पान वाचून बसला. "मी कधी पळालंय, सायबानू?" एवढं विचारून उत्तर ऐकायला न थांबता निघून गेला. दुसऱ्या दिवशी निम्मी वाडी आपापलं पान बघायला हजर. शेजारच्या राधाबाईंचं पान वहीत नव्हतंच, त्या सगळ्यांत जास्त रागावल्या. यावर मी बराच विचार केला आहे. नोंदी चुकीच्या असत्या तर लोक हसून मोकळे झाले असते. परक्याला नाव देताना माझा हात बरोबर त्या-त्या माणसाकडे गेला, म्हणजे इतकी वर्षं मी त्यांना बघत होतो. लक्ष मात्र परक्यांकडे द्यायला शिकलो. हे मला फारसं भूषणावह वाटत नाही.

आणि एका पानावर किशोरी होती. एक फार तयारीचा खेळाडू भेटला होता, त्याला तिचं नाव देण्यात मी तिचा मानच केला, असं माझं मत. 'किशोरी : गप्प झाली की हातात मोठं पान. अशा वेळी वाद नको, आपली पानं टाकून उठावं. अकरादा पाहिलं.' तिनं ते वाचलं, वही मिटली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तुमच्याकडे आली. (त्याच आठवड्यात कुडाळच्या शिवणवर्गात शिकवायला तिला बोलावणं आलं होतं, पण त्याचा इथे संबंध नाही.) तिला एवढंच सांगा, की ते पान एका अनोळखी माणसाचं आहे. हवं तर कंप्युटरवर दाखवतो.

लोभ असावा असं लिहिण्याइतका हक्क सध्या उरलेला नाही. राग निदान आटोपशीर असावा.

तुमचा, अजून तरी मेहुणा,
काशीराम

ता. क. वही इथेच आहे. काल तिचं शेवटचं पान उघडलं, तर किशोरीच्या अक्षरात एक नोंद. 'काशीराम : हरायला लागले की थट्टा करतात. खरं बोलायची पाळी आली की जास्तच करतात. नऊ वर्षं पाहिलं.' खोडण्यासारखं त्यात मला काही सापडलं नाही.

दुसरा ता. क. कुडाळचा संबंध आहे. ती ते तीनदा बोलायला आली. पहिल्यांदा मी म्हटलं, माझ्या सदऱ्याची बटणं मग कुणी लावायची? दुसऱ्यांदा म्हटलं, मलाही वर्गात घे, झबली शिवीन. तिसऱ्यांदा ती नुसती समोर येऊन गप्प बसली, आणि मी वहीत लिहिल्याप्रमाणे उठून बाहेर गेलो. मला तिला अडवायचं नव्हतं, दादा. मी घाबरलो होतो. तेव्हा तिला चतुर्थीआधी पाठवण्याची वरची विनंती रद्द समजावी. वर्ग चतुर्थीनंतर सुरू होतो. तिनं अजून होकार कळवला नसेल तर पत्र पोचताच तिला कुडाळला घेऊन जा. राहायच्या खोलीचं मी बघतो.

तिसरा ता. क. हे पत्र तिला वाचून दाखवू नका. ती हसेल, आणि ती हसली की माझं नेहमीसारखं निभावून जाईल. फक्त खालची ओळ कापून तिच्या हातात द्या.

किशोरी, घर खायला उठतं. तरी तू जा.