दीड ओहमची कॉइल

गुरुवार, ११ जानेवारी

पुन्हा बंद! सलग सहावा गुरुवार. जागाही तीच — हनुमान टेकडीचा चढ, वंदनाबाई सेलूकरांचं फाटक. बेगम बाजारातून निघालं की वीसेक मिनिटांत व्हॅन आचके द्यायला लागते आणि चढावर मान टाकते. पाऊण तास उभी ठेवली की काही झालंच नाही अशा थाटात सुरू.

बाजारात कशाला जातो, हे विचारणारं कुणी नाही ते बरं आहे. अपर्णा होती तेव्हा दर गुरुवारी दोघं जायचो. ती जाऊन दोन वर्षं झाली, गुरुवार काही सुटला नाही. आज पाव किलो मूगडाळ आणली. मागच्या गुरुवारची अजून फोडलेली नाही.

वंदनाबाईंनी खुर्ची बाहेर आणून दिली, चहा केला. तीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलं त्यांनी, आता एकट्याच असतात. पाऊण तास बोलत होतो — बहुतेक लिंबाच्या लोणच्यावर. घरी येऊन कुलूप काढताना लक्षात आलं, आठवड्याभरात एवढंच काय ते बोललो.

शुक्रवार, १२ जानेवारी

तेजसचा बेंगळुरूहून फोन. बाबा, ती व्हॅन विकून टाका, कॅब बोलवत जा! मी म्हटलं बघू. एकूण दोन मिनिटं. त्याची मीटिंग होती.

सोमवार, १५ जानेवारी

व्हॅन गौसभाईंच्या गॅरेजला नेली. काचीगुडा स्टेशनमागे, घरापासून पाच मिनिटं. त्यांनी इंजिनला ठिणगी देणारी कॉइल मोजली, प्लग पुसले, पाच-सहा वेळा चालू-बंद करून दाखवली. गाडीत काहीच नाही म्हणे, आरामात चालवा. मी वाद घातला. तर माझ्याकडेच असे बघायला लागले, जणू खोट गाडीत नसून गाडीवाल्यात आहे.

गुरुवार, १८ जानेवारी

नुमाईश प्रदर्शनाच्या गर्दीने नामपल्लीपासून रस्ता तुंबलेला. तरी आमच्या व्हॅनबाईसाहेब थांबल्या त्या चढावरच!

गौसभाईंची हकीगत सांगितली तर वंदनाबाई हसल्या. म्हणाल्या, "थंड कॉइल मोजून काय कळणार? थंड असताना ती शहाणीच असते. तापल्यावर मोजायची." आतून शाळेच्या काळातला काट्याचा मीटर घेऊन आल्या. मी सीट उचलली, इंजिन तिच्याखालीच. दोन वायरी टेकवल्या — काटा हललाच नाही. कॉइलच्या आतली बारीक तार तापली की तुटते, निवली की पुन्हा चिकटते. अर्ध्या तासाने मोजलं तर काटा बरोबर जागेवर. सत्तरीला आलो, पण असा आनंद झाला की टाळी वाजवणार होतो.

मग शिकवणी. कॉइल दोन जातींच्या. तीन ओहमची सरळ जोडायची. दीड ओहमची असेल तर वाटेत एक वेगळा रेझिस्टर लागतो, करंट आवरायला; तो नसला की कॉइल भाजून निघते. आपल्या गाडीत कुठली? त्या बराच वेळ सीटखाली वाकून बघत होत्या. "आहे रेझिस्टर. दीडची घ्या," म्हणाल्या.

परत येताना मनात आलं, नवी कॉइल बसली की पुढच्या गुरुवारी थांबायचं काय निमित्त? आमच्या घरात काम असल्याशिवाय कुणाच्या दारात उभं राहायची रीत नाही. एकट्या बाईच्या तर नाहीच नाही. आणि ती खुर्ची सोडली तर मला या शहरात बसायला दुसरी जागा नाही. जन्म इथला, नोकरी इथली, पण ओळखीचे सगळे एकेक करून गेले, नाहीतर मुलांकडे गेले. हे लिहून ठेवतो, कारण सांगायचं कुणाला?

शनिवार, २० जानेवारी

कोठीच्या एका दुकानातून दीड ओहमची आणली, घरीच बसवली. एका किल्लीत सुरू! पण जेवण गेलं नाही.

गुरुवार, २५ जानेवारी

बंद पडली! चढावरच! नवी कॉइल इतकी तापलेली की बोट ठेववेना, करपल्याचा वास. खुर्ची आधीपासून बाहेर होती. वंदनाबाई म्हणाल्या अरेरे, आणि चहा टाकायला आत गेल्या. तास-सव्वा तास बसलो. गाडी काही सुरू होईना, तेव्हा गाडीतच पडलेली जुनी कॉइल परत जोडून कसाबसा घरी आलो.

नवी वस्तू जळाली. माणूस चिडतो. मी वाटभर गुणगुणत आलो. लाज वाटते लिहायला.

सोमवार, २९ जानेवारी

गौसभाईंनी सगळी वायर हाताने चाचपून बघितली आणि मला खाली वाकवून दाखवलं. "इसमें रजिस्टर हैच नईं साब. तीन की लगती. डेढ की कौन बोले तुमकू?"

मी म्हटलं दुकानदार. चटकन निघालं तोंडातून. गौसभाईंनी त्या बिचाऱ्याच्या नावाने मनसोक्त शिव्या घातल्या.

तीन ओहमची बसवली. गाडी तासभर नुसती चालू ठेवली, मग मीटर लावला. तापलेली, तरी काटा जागेवर. आता प्रश्न मिटला.

म्हणजे वंदनाबाई चुकल्या. तीस वर्षं मुलांना हेच शिकवलं आणि चुकल्या. वय होतं माणसाचं, नजर कमी होते. त्यांना कळता कामा नये. विचारलंच तर दुकानदाराने चुकीची दिली म्हणायचं.

गुरुवार, १ फेब्रुवारी

चढ कसा आला आणि कसा गेला, कळलंसुद्धा नाही. वंदनाबाई फाटकाशी होत्या, खुर्ची मांडलेली. मला बघून पुढे आल्या. मी हॉर्न वाजवला, हात हलवला — आणि निघून आलो! पाय ब्रेकवर जाईचना. थांबून म्हणायचं काय? गाडी उत्तम आहे, चहा द्या?

घरी लवकर पोहोचलो. दुपार संपता संपेना.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

फाटक बंद. खुर्ची नाही. मूर्ख आहे मी, दुसरं काही नाही. चांगली भीड बाळगली जन्मभर, आता चाटत बसा.

शनिवार, १० फेब्रुवारी

आज दिवसभरात एकदाच बोललो. दूधवाल्याला. "अर्धा लिटर."

गुरुवार, १५ फेब्रुवारी

चढावर किल्ली फिरवून गाडी मीच बंद केली. वंदनाबाई मीटर घेऊन बाहेर आल्या. म्हटलं, बंद पडलेली नाही, मी थांबलोय. मग काहीतरी बोलायचं म्हणून त्या मूर्ख दुकानदाराने दीडची कशी गळ्यात मारली, ते सांगायला लागलो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"त्याला कशाला दोष देता, उमरीकर? दीडची मीच सांगितली होती. रेझिस्टर नाही, तेही दिसलं होतं मला. आणखी थोडे गुरुवार हवे होते."