कापसाविना पिंजण

तारीख ७, सोमवार

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे, गुडघा सोडून. तुझं पत्र मिळालं. माझ्यासाठी खोलीला रंग दिलास, खिडकीला पडदा लावलास, सगळं वाचलं. पडदा कशाला? मी काय राणी लागून गेले? पण वाचून बरं वाटलं.

दुकानाचं ठरलंय. मोबाइल विकणारा एक जण घेतोय, महिनाअखेरीला किल्ली द्यायचं बोलणं झालंय. पण मला यायला थोडं मागेपुढे होईल. कापूस पिंजायचं मशीन बिघडलंय. पट्टा तुटला आणि दुरुस्तीवाला नुसता उद्या-उद्या करतोय. लोकांच्या गाद्या अर्ध्या उसवून टाकून येता येत नाही. म्हणून बाबांचं जुनं पिंजण भिंतीवरून उतरवलं. ते धनुष्यासारखं, आठवतं ना? बाबा त्याची ताणलेली तात ठोकायचे आणि आपण दोघी कापसाच्या ढिगात लोळायचो. दोन दिवस खांदा भरून आला, मग बसला हात.

गंमत सांगते. समोरचा चष्मेवाला तुला माहीत आहे. तोच, तुमचा कापूस उडून माझ्या काचांवर बसतो म्हणून पंधरा वर्षं माझ्याशी भांडणारा. त्याच्या घरात मूल आलंय. लग्न नाही, बायको नाही, पन्नाशी उलटली आणि दारात लंगोट वाळतायत. पुतणीची मुलगी आहे, पाच-सहा महिन्यांची. पुतणीला आईबाप नाहीत, नवरा नाही. तिला परदेशात नोकरी लागली आणि तिने सरळ सांगितलं, काका, मला हे जमणार नाही. रीतसर सह्या करून पोर त्याला देऊन गेली. ज्याने आजवर मांजर पाळलं नाही तो आता कायद्याने बाप आहे.

आणि पोर रडते ती काय रडते! गल्ली बधिर झाली. भर दुपारी हा तिला घेऊन फेऱ्या मारतो, चष्मा कपाळावर, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मी म्हटलं, मला काय त्याचं. मी पिंजण घेऊन बसले. थोड्या वेळाने लक्षात आलं, रडणं थांबलंय. मान वर केली तर तो माझ्या उंबऱ्यात, आणि पोर खांद्यावर गाढ झोपलेली. मला वाटलं आता कापसावरून बोलणार. हात थांबवला. पोर चुळबुळली.

तो घाईघाईने म्हणाला, "थांबू नका हो. पाया पडतो, वाजवत राहा."

बंद करा, बंद करा म्हणणारा माणूस. मला हसू आवरेना. पण वाजवत राहिले. आता रोज दुपारी येतो आणि उंबऱ्यात उभा राहतो. मीच एक स्टूल सरकवलं, उगाच पाय दुखले तर पुन्हा माझ्याच नावाने बोंब.

तर मशीन दुरुस्त झालं की निघते. पडदा कुठल्या रंगाचा ते कळव.

तुझी,
धाकटी


तारीख ३, गुरुवार

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र आलं, रागाचं होतं. मशीन दुरुस्त होऊन बरेच दिवस झाले हे तुला कोणी सांगितलं ते मला कळलंय, तिच्या गादीत मी गाठी ठेवणार आहे. हो, झालं दुरुस्त. पण मध्येच वसतिगृहाच्या उशांचं काम आलं. मोबाइलवाल्याला म्हटलं थोडा थांब. तो थांबलाय, तूही थांब.

समोरच्या पोरीला खोकला झाला. नर्सबाई घरी बघायला आल्या होत्या, त्यांनी सांगितलं की कापसाची भुकटी छातीत बसते, पोरीला पुन्हा त्या दुकानात न्यायचं नाही. बरोबरच सांगितलं. बाबांचा शेवटचा खोकला आपण दोघींनी ऐकलाय. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. त्याने आणणं बंद केलं आणि रडणं पुन्हा सुरू. मशीनच्या घरघरीत शेजारचा बोललेला ऐकू येत नाही, पण ते रडणं यायचं.

दोन-तीन दिवस काढले. मग पिंजण ओल्या फडक्याने पुसलं, अंघोळ केली, धुतलेले कपडे घातले आणि ते खांद्याला लावून रस्ता ओलांडला. सगळी गल्ली दारात. कापूस नाही, गादी नाही, आणि बाई पिंजण घेऊन निघाली कुठे? म्हणू देत काय म्हणायचं ते. गादीला टाका घालता येतो, लोकांच्या तोंडाला येत नाही.

ताई, कापसाविना तात वाजते ती वेगळीच वाजते गं. कापूस अर्धा आवाज खातो हे मला एवढ्या वर्षांत कळलं नव्हतं. रिकामी वाजवली की आवाज गोल होतो, भिंतीपर्यंत जातो आणि हळूहळू परत येतो. त्या खोलीत सगळ्या भिंतींना काचा मांडलेल्या. दुपारी ऊन आत येतं, एकेका काचेतून फुटतं आणि छतावर उजेडाचे थेंब हलत राहतात, पाण्याखाली बसल्यासारखं वाटतं. पोर आधी ते थेंब बघते. मग तिचे डोळे जड होतात, एक मिटतो, दुसरा उशिरा मिटतो. आणि मग तोही झोपतो, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या-बसल्या. दुकान उघडं, दोघं झोपलेले, आणि मी एकटी जागी. त्या तासात मला काय होतं ते सांगता येत नाही. मी कुठेच नसते आणि तिथेच असते.

एकदा त्याचा चष्मा घसरून ओठावर आला. मी काढून घेतला. सहज म्हणून डोळ्याला लावला आणि खिडकीतून बघितलं. समोर माझं दुकान होतं, पण पाटी नाही, शटर नाही, कडाच नाहीत. सगळं विरघळलेलं, पांढरं, मऊ. इथून माझं घर असं दिसतं होय, म्हटलं. चष्म्याशिवाय त्याला काय दिसत असेल त्याचा मी उगाच विचार करत बसले. मग शरम वाटली आणि चष्मा जागच्या जागी ठेवला.

काल तो पाणी तापवायला आत गेला आणि जाताना पोर माझ्या मांडीवर ठेवून गेला. विचारलं नाही, ठेवली. तुला माहीत आहे, सासरच्यांनी मूल होत नाही म्हणून परत पाठवल्यापासून मी कोणाचं मूल अंगावर घेतलं नाही. तुझे दोघेही मी लांबूनच बघितले. तू कधी बोलली नाहीस, पण तुला लागलं असेल. ही मात्र बसली. माझ्या अंगठ्याला धरून बसली, जशी काही जागा राखून ठेवली होती. मी तिला बोंडी म्हणते. कापसाचं बोंड उमलायच्या आधी असतं तशी दिसते, घट्ट आणि गोल.

उशांचं काम संपलं की येते. जेवत जा वेळेवर.

तुझी,
धाकटी


तारीख १९, शनिवार

ती. ताईस,

नमस्कार. अक्षर बघून म्हणशील की कोणाकडून तरी लिहून घेतलंय. माझंच आहे. ओळी सरळ आहेत कारण आता त्या दिसतायत.

झालं असं. गेल्या आठवड्यात पोर झोपल्यावर मी निघाले तर त्याने एक डबी पुढे केली. उघडली तर चष्मा. म्हटलं, मी कधी डोळे तपासून घेतले, नंबर कुठून आणलात? तो एक स्वच्छ काच पुसायला लागला.

मग म्हणाला, "आधी तुम्ही सुई नाकाशी धरून ओवायचात. मग वीतभर लांब धरायला लागलात. आता हात पुरत नाही म्हणून मान मागे नेता. इथे बसून मला दुसरं काय दिसतं?"

ताई, पंधरा वर्षं मी समजत होते की हा माणूस माझा कापूस बघतोय.

नंबर अंदाजाचा होता, डाव्या डोळ्याला चुकलाच. म्हटलं, एवढं बघून शेवटी चुकलातच. तेव्हा हसला आणि रीतसर तपासून काच बदलून दिली. ती बसवता बसवताच, माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, राहाल का. एवढंच. मी म्हटलं, मी तोंडाची फटकळ आहे, चूल दिवसातून एकदाच पेटवते आणि घोरते. तो म्हणाला, तोंडाची सवय आहे, बाकीच्याची करून घेईन.

मी हो म्हटलं नाही. घरी आले आणि कापसाच्या ढिगावर बसून राहिले. घाबरले होते. एकदा एका घरातून माझी पेटी बाहेर ठेवली गेली आहे. तू न्यायला आली होतीस, उन्हातून पेटी तूच उचललीस. म्हटलं, या वयात पुन्हा कोणी पेटी बाहेर ठेवली तर उचलणार कोण?

दुसऱ्या दिवशी मोबाइलवाला किल्ली मागायला आला. मी ती गल्ल्यातून काढली, हातात धरली आणि ती माझ्या हातातून सुटेना. तो हात पुढे करून उभा. शेवटी म्हटलं, माफ कर बाबा, दुकान द्यायचं नाही. तो चिडला, बरंच बोलला, त्याचा हक्कच होता. मी ऐकून घेतलं. मग तशीच रस्ता ओलांडून समोर गेले आणि हो म्हणून आले. लग्नाच्या नोंदणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

मशीन विकलं. माझ्या कमाईचं होतं, टेम्पोत चढेपर्यंत त्याच्यावर हात ठेवून उभी होते. कापूस आता बाहेरून पिंजून येणार, मागच्या दाराने. भरायचं कामही मागच्या खोलीत. पुढे मी फक्त खोळी आणि उशांचे अभ्रे शिवणार. पुढचं दुकान तीनदा धुतलं. भिंतीच्या फटीतून कापूस निघता निघेना, बाबांच्या वेळचाही असेल. आता तिथे बोंडी रांगते. माझं बोट हाती लागलं तर चावून बघते, दात येतायत.

तू लिहिलंस, मूल परक्याचं, माणूस परका, तुझं तिथे काय आहे? एक खरं सांगते. मशीन, उशा, मोबाइलवाला, सगळी निमित्तं होती. मला यायचं नव्हतं. पहिल्या पत्रापासून नव्हतं. तू रंग दिलास, पडदा लावलास, दोन्ही मुलगे लांब गेल्यावर माझी वाट बघत बसलीस, म्हणून लिहायला हात होत नव्हता. ती खोली भाड्याने दे, नाहीतर राग शांत होईपर्यंत बंद ठेव. मी येत नाही, ताई. तू मला एकदा घरी आणलंस, ते मी विसरलेले नाही.

हे लिहितेय आणि समोर पाळण्यात बोंडी उठलीये. रडत नाहीये. पालथी होऊन, मान वर करून नुसती माझ्याकडे बघतेय. मी येणार याची तिला खात्री आहे. हाक मारायचीही तिला गरज वाटत नाही. माझ्याबद्दल एवढी खात्री आजवर एकाच माणसाला होती. म्हणून हे पत्र त्याच माणसाला लिहिलं.

उठते. तिला फार वेळ बघत ठेवायचं नाही.

तुझीच, पण आता इथे राहणारी,
धाकटी