उलटं चढवलेलं धनुष्य

४ फेब्रुवारी

आले एकदाची. एक ट्रंक, दोन पिशव्या आणि मी, सगळे धडधाकट. मला बघून ताई पलंगावर पडल्यापडल्या इतकी हसली की मला म्हणावं लागलं, बाई, हळू हस, खुब्यात खिळे ठोकलेत तुझ्या, निसटतील. पायरीवरून घसरली, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. आता तिचं सगळं अंथरुणातच. दाजी दिवसभर फर्निचर पॉलिशच्या कारखान्यात. मग करायचं कोणी? मी. मला ना मागे कोणी ना पुढे. गवंड्यांच्या हाताखाली घमेली उचलत होते, ती काय मी नसले तरी उचलली जातील.

ताईने मला वाढवलंय. आई गेली तेव्हा तिला स्वतःची वेणी घालता येत नव्हती, पण माझी घालायची. हे तिला तोंडावर कधी सांगणार नाही, डोक्यावर बसेल.

घर बरंय. गावाच्या टोकाला, तीन खोल्या एकीमागे एक. मागे अंगण, अंगणात एक झाड, कोपऱ्यात पत्र्याची शेड, भोवती विटांची भिंत. भिंतीपलीकडे मोकळं मैदान, चिटपाखरू नाही. ताईची खोली शेवटची, खिडकी मैदानाकडे.

ही वही ताईला व्यायाम द्यायला येते त्या पोरीने दिली. रोज ताईचं काय झालं ते लिहा म्हणाली. मी चौथीतून उठलेली, अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेलं. पण बसले लिहायला तर हात थांबेना. चांगलंय की.

८ फेब्रुवारी

ताई दुपारची घोरते आणि मला रिकामं बसवत नाही. व्यायामवाली म्हणाली, काहीतरी छंद लावून घ्या मावशी. छंद! आमच्यात त्याला रिकामटेकडेपणा म्हणतात.

शेड झाडायला घेतली. दाजींची ड्रिल मशीन, पॉलिशचे डबे, आणि मागे गोणपाटात गुंडाळलेलं एक धनुष्य. खेळण्यातलं नाही, खरंखुरं, माझ्या खांद्याएवढं. लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवलेले, मधे मूठ, दोन्हीकडे पाती, टोकं गोलाईत वळलेली. वॉर्निश मात्र करपलेल्या दुधाच्या सायीसारखं. दोरी नाही.

दाजींना विचारलं. म्हणाले, आधीच्या भाडेकरूचं आहे, तो शाळेत धनुर्विद्या शिकवायचा, मास्तर. का सोडून गेला विचारलं, तर हात धुवायला उठले. हात स्वच्छच होते.

११ फेब्रुवारी

लागला छंद. दाजींनी पॉलिश पेपर दिला, आधी जाड, मग बारीक. लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासायचं, आडवं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी म्हटलं, एकदा सांगितलं तरी कळतं. तेव्हापासून मला घाईबाई म्हणतात. ताई पलंगावरून देखरेख करते. इथे राहिलं, तिथे राहिलं. मुकादम बरा असा छळ.

जुनं वॉर्निश गेलं आणि खालून मधासारखा रंग निघाला. बघतच राहिले. आयुष्यभर दुसऱ्याच्या भिंती उभ्या केल्या, त्यातली एकही माझी म्हणून अशी बघितली नव्हती.

१५ फेब्रुवारी

बाजारात खेळाच्या सामानाचं दुकान आहे. तिथला म्हातारा, जाड चष्म्याचा, मोठा बोलका. कापसाचा बोळा पात्यांवरून फिरवा म्हणाला, जिथे धागा अडकेल तिथे चीर आहे समजा. हे करूनच आलात ना, त्याने विचारलं, मी हो म्हटलं. कुठलं काय! दोरी घेतली, मेण घेतलं. तो दोरी चढवायची कशी ते सांगायला लागला, मागे गिऱ्हाईकं ताटकळलेली, इकडे ताई एकटी. म्हटलं, बाबा, दोरी बांधायला मला शाळा नको. निघून आले.

घरी बोळा फिरवला. कुठे अडकला नाही.

१७ फेब्रुवारी

वॉर्निशचा दुसरा हात वाळला, मुठीला चामड्याची पट्टी गुंडाळली, आणि आज दोरी चढवली. सोपंच होतं. पाती आधीच एकीकडे वळलेली, त्याच बाजूने आणखी वाकवली की झालं.

ताईच्या पलंगाशी स्टुलावर बसले, तोंड खिडकीकडे, आणि दोरी ओढून सोडली. बाण कुठला, नुसतीच. तण्ण! ताई टाळ्या पिटायला लागली. आणखी एकदा धाकटे, आणखी एकदा. मग काय, सोडत बसले. हात दुखेपर्यंत. दोघी लहान झालो होतो.

१९ फेब्रुवारी

कपडे वाळत घालताना मागच्या भिंतीला भोक दिसलं. वाटाण्याएवढं, आरपार, कडा गुळगुळीत. मी विटेत भोकं पाडलेली बघितली आहेत, विटेचा भुगा पडतो. इथे भुगा नाही. दाजींना विचारलं. बघतो म्हणाले. बघितलं नाही.

२१ फेब्रुवारी

आता झाडाला. खोड दोन हातांत मावत नाही एवढं, तरी इकडून तिकडे उजेड दिसतो. अजून ओलं आहे, चीक गळतोय.

ड्रिल मशीन कोणाची? दाजींची. शेडची किल्ली कोणाकडे? दाजींकडेही. हल्ली फोन आला की अंगणात जाऊन बोलतात, मी गेले की बंद. मी काही बोलले नाही. म्हणजे फार बोलले नाही. एवढंच म्हटलं की घराची चाळण करायचा विचार आहे का? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, घाईबाई, तुम्ही यायच्या आधी या घरात एक भोक नव्हतं.

म्हणजे संशय माझ्यावर!

२२ फेब्रुवारी

गवंड्याची सुतळी घेतली आणि ओळ धरली. भिंतीच्या भोकातून झाडाच्या भोकात, तिथून ताणत ताणत पुढे. सुतळी ताईच्या खिडकीच्या काचेला येऊन टेकली. काचेच्या आत ताईचा पलंग.

पलंग ओढून दुसऱ्या भिंतीला लावला. संध्याकाळी दाजींनी परत खिडकीशी आणला. व्यायामवालीने ऊन हवं सांगितलंय म्हणे. मी विचारलं, ऊनच हवं की आणखी काही? ताई ओरडली, माझ्या नवऱ्याला असं बोलायचं नाही. मी जेवले नाही. तिनेही नाही.

२४ फेब्रुवारी

आज सुट्टी. दाजी माझ्यासमोर खुर्चीत बसून चहा पीत होते, दोन्ही हात कपाला. मी स्टुलावर, ताईच्या पायाला तेल लावत. मैदानाकडून आवाज आला. तण्ण. लांबून, पण तोच.

खिडकीच्या काचेला भोक. काच फुटली नाही, साधा तडा नाही. खिडकीतला स्टीलचा तांब्या आरपार, दोन्हीकडून पाणी. पुढे काही नाही. खोलीत काही पडलेलं नाही.

दाजींचा कप हातातून सुटला. म्हणजे ते नाहीत. मग कोण? मैदानात जाऊन आले. माणूस नाही, पाऊल नाही.

२५ फेब्रुवारी

धनुष्य घेऊन म्हाताऱ्याकडे गेले. दुरून बघूनच त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, बाई, हे उलटं चढवलंय. याची टोकं बाहेरच्या बाजूला वळतात, दोरी चढवायची ती त्या वळणाच्या विरुद्ध, जोर लावून. सगळे नवशिके हीच चूक करतात. असं चढवलं की ते समोर बघत नाही, ओढणाऱ्याकडे बघतं.

मग विचारलं, बाण न लावता सोडलंत का? मी म्हटलं, हात दुखेपर्यंत. तो म्हणाला, रिकामी दोरी सोडू नये. ताण आहे तो, कुठेतरी जातोच. साधं धनुष्य असलं तर पातं मोडतं. मी म्हटलं, हे मोडलं नाही. तो चष्मा पुसत राहिला. पुसून झाला तरी डोळ्यांवर घालेना.

२६ फेब्रुवारी

पलंग मधल्या खोलीत हलवला. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. तण्ण. भोक स्वयंपाकघराच्या दारात. माझ्यापासून हातभर लांब.

ताईच्या मागे नाही ते. माझ्या मागे आहे.

आधी भिंत, मग झाड, मग काच, मग हे. दर वेळी जवळ. नवशिका नेम शिकतो तसं.

२७ फेब्रुवारी

दाजींनी धनुष्य करवतीने कापलं, जाळलं. जळताना मधासारखाच रंग. संध्याकाळी पुन्हा तण्ण. दाराच्या चौकटीत भोक. सुटलेलं सुटलं, मागचं जाळून काय होतंय?

मग दाजी बोलले. इतके दिवस फोन करत होते ते मास्तरला. मास्तर जाताना सांगून गेला होता, हे जाळा. यांना लाकूड आवडलं. एवढं चांगलं लाकूड कोण जाळतं, म्हणून गोणपाटात गुंडाळून ठेवलं. पॉलिशवाल्याचा जीव लाकडात.

मास्तर धड आहे. बायको गेली त्याची. आवाज आला तेव्हा तो वाकला. ती त्याच्या पाठीमागे उभी होती.

२८ फेब्रुवारी

ताईला सांगितलं. हसली. म्हणे, तुला लहानपणीपण भिंतीत भुतं दिसायची. मी तिच्यापासून लांब राहते तर रडते. पाणी दे, उशी दे, इथे बस. माझ्यावर रागावलीस का धाकटे?

तिच्याशी बसले की ती माझ्या पाठीशी येते. कुठेही बसले तरी त्याच ओळीत येते. खोल्या एका ओळीत आहेत.

१ मार्च

निघून जायला बाहेर पडले. रस्त्याला माणसं. पुढे माणसं, मागे माणसं. कोणाच्या अंगावरून जाईल? परत फिरले.

पाठीमागे कोणी नको. एवढंच पाहिजे.

२ मार्च

तण्ण. कानाजवळून. केस जळल्यासारखा वास. ताईच्या पलंगाच्या लोखंडी पायात भोक. ती झोपली होती. तिच्या पायापासून चार बोटं—

दाजींनी डोळ्यांनी बघितलं. आता घाईबाई म्हणत नाहीत.

३ मार्च, सकाळ

ठरलं. दाजी ताईला त्यांच्या बहिणीकडे नेणार. गाडी आणायला गेलेत. ताई नाही म्हणते, तुला सोडून जायची नाही. मी म्हटलं, उचलून नेतील. गाठोड्यासारखं.

मी शेडमध्ये आहे. दार आतून लावलंय. तोंड मैदानाकडे, समोर पत्रा. पाठीमागे दार, दारामागे मोकळं अंगण. घर या ओळीत येत नाही, सुतळी धरून बघितलंय. येऊ दे आता. मी वाकणार नाही.

ती गेली की बस—

दुपार

गाडी नाही अजून. दाजी कुठे—

घरातून आवाज येतोय. खरडल्यासारखा. थांबतो. परत.

व्यायामवालीने ताईला चालायला आणून दिलेला वॉकर.

ताई उठली. एकटी. इतके दिवस त्या पोरीने विनवण्या केल्या तेव्हा पाऊल टाकलं नाही, आणि आज—

पायरी उतरली. हाका मारतेय. धाकटे, बघ, चालले मी. बघ ना.

मी ओरडले, मागे फिर. घसा फाटेस्तोवर ओरडले. म्हणे, ओरड किती ओरडायचं ते, मला सवय आहे.

अंगणात आली—

कोपऱ्यात सरकले. ती आवाजावर येते. मी गप्प बसले तरी येते— शिव्या दिल्या तिला. कधी दिल्या नव्हत्या. थांबली. रडतेय. पण मागे जात नाही—

दार उघड म्हणते. दाराला हात लावून उभी आहे. नीट पाठीमागे. बाहेर गेले तर ती मिठी मारेल— न गेले तर—

मैदानाकडे दोरी ताणतेय कोणीतरी. सावकाश. ऐकू येतंय. आता शिकलाय तो—

ताई खाली बस. ताई, पायाचं राहू दे, खाली ब—